महाराष्ट्राच्या वीज नियंत्रणातील दूरस्थ पडद्यांचा इतिहास : पाहण्याचा अधिकार आणि कृतीची जबाबदारी

प्रस्तावना

आपल्याकडे विजेचा इतिहास बहुधा धरणे, जनित्रे आणि वीज कंपन्या यांच्या अंगाने लिहिला जातो. निर्माण झालेली वीज क्षणोक्षणी सांभाळणारे नियंत्रण कक्ष मात्र या इतिहासाच्या कडेला राहतात. वस्तुतः वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवता येत नाही. जेवढी मागणी तेवढीच निर्मिती त्याच क्षणी व्हावी लागते. त्यामुळे शेकडो किलोमीटरवरील यंत्रांची स्थिती कोणाला दिसते, किती उशिराने दिसते आणि ती पाहून आदेश देण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हे प्रश्न केवळ अभियांत्रिकीचे राहत नाहीत. ते प्रशासनाचे आणि पर्यायाने समाजाच्या इतिहासाचे प्रश्न ठरतात.

दूर अंतरावरील यंत्रांचे चित्र प्रचालकाला दाखवणारा पडदा आरंभी एका कक्षात एकाच ठिकाणी असे. आज तेच चित्र निर्मिती कंपनी, पारेषण कंपनी, वितरण कंपनी, प्रादेशिक केंद्र आणि काही अंशी सर्वसामान्य नागरिक अशा अनेकांसमोर एकाच वेळी उमटते. हा बदल कसा घडला आणि त्यातून कोणते प्रश्न उभे राहिले, याचा आढावा प्रस्तुत निबंधात महाराष्ट्राच्या, विशेषतः रायगड-ठाणे-मुंबई पट्ट्याच्या संदर्भात घेतला आहे. पडद्यांच्या संख्येबरोबर पाहणारे वाढले, परंतु कृतीची जबाबदारी त्याच प्रमाणात स्पष्ट झाली नाही. आणि वीजजाळ्यावरील मोठी संकटे बहुतांशी या दोहोंमधील अंतरातच वाढीस लागली, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

टेलिफोनचे युग

पनवेलच्या आसमंतातूनच या इतिहासाचा प्रारंभ करता येतो. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची स्थापना १९१० मध्ये झाली आणि १९१५ मध्ये बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे वीजनिर्मिती सुरू झाली. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी नळांतून खाली उतरत असे आणि त्यापासून झालेली वीज सुमारे ७० किलोमीटर दूर मुंबईच्या गिरण्यांना पुरवली जात असे. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे सुरू झाली. ज्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, त्याच धरणाचे पाणी भिरा केंद्रास मिळाले. ही तिन्ही केंद्रे तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आहेत, ही बाब स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, वीज निर्माण होण्याचे ठिकाण आणि ती वापरली जाण्याचे ठिकाण एकमेकांना दिसत नव्हते. घाटाखालच्या प्रचालकाला आपल्या समोरच्या मापकांवरील काटे दिसत; मुंबईतल्या ग्राहक उपकेंद्रात काय चालले आहे, हे त्याला सांगावे लागे. अशा व्यवस्थांमध्ये टेलिफोन हेच नियंत्रणाचे मुख्य साधन होते. एक जण आकडा वाचून दाखवी, दुसरा तो लिहून घेई, आदेश देई, आणि ऐकणारा तो आदेश पुन्हा उच्चारून मगच अंमलात आणी. या पद्धतीत गती कमी होती, पण एक गुण होता : कोणी पाहिले, कोणी सांगितले आणि कोणी केले, याची नोंद लॉगबुकात वेळेसह राही. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यास ‘लाईन क्लिअर’ परमिट दिल्याखेरीज खांबास हात लावता येत नसे, ही शिस्तही त्याच परंपरेतली. पाहणे, परवानगी आणि कृती या तीन गोष्टी येथे कागदावर वेगळ्या ठेवलेल्या होत्या.

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली आणि १९६२ मध्ये कोयनेची वीज उपलब्ध झाली. आता खाजगी आणि सार्वजनिक व्यवस्था एकमेकींस जोडल्या गेल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या परिसरात भूकंप झाला. त्यामुळे कोयनेची निर्मिती खंडित होऊन मुंबईच्या उद्योगांनाही त्याची झळ पोहोचली. एका खोऱ्यातील घटना दुसऱ्या टोकाच्या शहराला किती त्वरेने भोवते, याचा तो अनुभव होता. संपूर्ण राज्याचे चित्र एका ठिकाणी दिसण्याची गरज अशा अनुभवांतून वाढत गेली.

फलकापासून पडद्यापर्यंत

या गरजेला मिळालेले पहिले उत्तर म्हणजे नियंत्रण कक्षाच्या भिंतीवरील मिमिक बोर्ड होय. त्यावर उपकेंद्रे आणि वाहिन्या रंगीत रेषांनी दाखवलेल्या असत आणि स्विच चालू आहे की बंद, हे दिव्यांनी कळे. काही ठिकाणी हे दिवे आपोआप लागत, तर काही ठिकाणी टेलिफोनवर निरोप आल्यावर कर्मचारी हाताने खूण बदली. फलक सर्वांना दिसे, पण त्याच खोलीतील सर्वांना. पाहणाऱ्यांची संख्या खोलीच्या आकाराने मर्यादित होती.

९ नोव्हेंबर १९६५ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा काही प्रदेश अंधारात बुडाला. या घटनेनंतर वीज कंपन्यांच्या परस्पर समन्वयासाठी १९६८ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि नियंत्रण केंद्रांत संगणकांचा वापर वेगाने वाढला. उद्योगांच्या क्षेत्रात १९७५ हे वर्ष लक्षणीय ठरते. त्या वर्षी अमेरिकेतील हनीवेल कंपनीने टीडीसी २००० आणि जपानच्या योकोगावा कंपनीने सेंटम या नियंत्रण प्रणाली बाजारात आणल्या. शेकडो मापकांच्या भिंतीची जागा मोजक्या पडद्यांनी घेण्यास येथून सुरुवात झाली.

तरीही एक अडचण शिल्लक होती. चित्र ज्या संगणकात तयार होई, त्यालाच जोडलेल्या पडद्यावर ते दिसे. १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत एक्स विंडो प्रणाली विकसित झाली. तिच्यामुळे आज्ञावली एका संगणकावर चालावी आणि तिचे चित्र जाळ्यातील दुसऱ्याच पडद्यावर उमटावे, हे सहजशक्य झाले. पुढे युनिक्सवर आधारित नियंत्रण प्रणालींनी हे तंत्र स्वीकारले. एकाच मध्यवर्ती संगणकावरून अनेक प्रचालकांना आपापल्या टेबलावर चित्र मिळू लागले. त्यानंतरच्या काळात ब्राउझरमधून चित्र दाखवण्याची सोय आली आणि पडदा नियंत्रण कक्षाच्या भिंतींबाहेर पडला.

महाराष्ट्राच्या भूगोलामुळे हे तंत्र येथे विशेष उपयुक्त ठरले. कोळशावरील मोठी केंद्रे कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर अशी पूर्व विदर्भात, तर मागणी मुंबई-पुणे पट्ट्यात. चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे ही १५०० मेगावॉट क्षमतेची उच्चदाब एकदिश वाहिनी या विषमतेचेच अपत्य आहे. तिची लांबी ७५० किलोमीटरहून अधिक आहे. राज्याचे मुख्य भार प्रेषण केंद्र ठाणे-बेलापूर मार्गावर कळवा-ऐरोली येथे, तर विभागीय केंद्र नागपूरजवळ अंबाझरी येथे आहे. उपकेंद्रातील रिमोट टर्मिनल युनिट हे यंत्र दाब, भार आणि स्विचची स्थिती टिपते. ही माहिती पूर्वी वीजवाहक तारांवरूनच वाहून नेली जाई, नंतर सूक्ष्मलहरी आणि प्रकाशतंतू यांद्वारे ती केंद्रात पोहोचू लागली. प्रचालकाच्या पडद्यावरील आकडा म्हणजे काही सेकंदांपूर्वीचे वास्तव असते, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. तार तुटली किंवा यंत्र बंद पडले, तर जुनाच आकडा पडद्यावर तसाच राहू शकतो. म्हणून चांगल्या प्रणालीत शिळ्या आकड्यास वेगळी खूण असते. दूरस्थ पडद्याची विश्वासार्हता बऱ्याच अंशी या लहानशा खुणेवर अवलंबून असते.

पाहणाऱ्यांची संख्या का वाढली?

तंत्र उपलब्ध झाले म्हणून पडदे वाढले, असे म्हणणे अपुरे ठरेल. पडदे वाढण्याची खरी कारणे आर्थिक आणि कायदेविषयक होती.

१ जुलै २००२ पासून देशात प्रथम पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित दरप्रणाली लागू झाली. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडण्यात आले. ठरलेल्या वेळापत्रकापेक्षा जास्त वा कमी वीज घेतल्यास त्या फरकाचा दर त्या भागातील सरासरी वारंवारितेवर ठरू लागला. वारंवारिता ५० हर्ट्‌झच्या खाली घसरली की जास्तीची वीज महाग होई. याचा परिणाम असा झाला की, जी वारंवारिता आजवर अभियंत्याच्या काळजीचा विषय होती, ती लेखाधिकाऱ्याच्याही काळजीचा विषय झाली. आपण या क्षणी किती वीज घेत आहोत, हे प्रत्येक घटकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे भाग पडले. २०१४ मध्ये या पद्धतीची जागा विचलन निवारणाच्या नव्या नियमांनी घेतली. परंतु पाहण्याची ही सवय कायम राहिली.

दुसरे कारण विद्युत अधिनियम २००३ हे होय. या कायद्याने राज्य भार प्रेषण केंद्राला राज्यातील वीजव्यवस्थेच्या एकात्मिक संचालनाची शिखर संस्था ठरवले आणि कलम ३३ अन्वये त्याचे निर्देश पाळणे संबंधित परवानाधारकांवर व निर्मिती कंपन्यांवर बंधनकारक केले. ६ जून २००५ रोजी विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या अस्तित्वात आल्या. जे काम पूर्वी एकाच मंडळाच्या दोन टेबलांमध्ये होई, ते आता तीन कंपन्यांमध्ये विभागले गेले. मंडळ एक असताना माहितीची देवाणघेवाण ही अंतर्गत बाब होती. विभाजनानंतर ती हक्काची बाब झाली. प्रत्येक कंपनीला आपापला पडदा हवा होता आणि त्यावर नेमके काय दिसावे, हा वाटाघाटीचा विषय बनला.

तिसरी पायरी नागरिकांची. राज्य भार प्रेषण केंद्राने मागणी, निर्मिती आणि वारंवारिता यांची माहिती संकेतस्थळावर खुली केली. केंद्र शासनाने २०१७ मध्ये वीजखरेदीचा क्रम आणि दर दाखवणारे ‘मेरिट’ हे संकेतस्थळ सुरू केले. शंभर वर्षांपूर्वी खोपोलीच्या प्रचालकाला मुंबईचा भार दिसत नव्हता. आता पनवेलच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही राज्याची मागणी घरबसल्या पाहता येते. लोकशाहीच्या दृष्टीने ही मोठी प्रगती आहे, यात शंका नाही.

दिसणे आणि करणे यांतील अंतर

पाहणारे वाढल्याने व्यवस्था अधिक सुरक्षित झाली का, या प्रश्नाचे उत्तर जगाच्या अनुभवावरून सरळ होकारार्थी देता येत नाही.

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात एक झडप उघडीच राहिली. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र झडप बंद करण्याचा आदेश गेला एवढेच दर्शवत होता. झडप प्रत्यक्षात बंद झाली की नाही, हे त्यावरून कळत नव्हते. प्रचालकांनी आदेशालाच वस्तुस्थिती मानले.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका-कॅनडातील सुमारे ५ कोटी लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला. त्या दुपारी ओहायो राज्यातील फर्स्टएनर्जी कंपनीच्या नियंत्रण प्रणालीतील धोक्याची सूचना देणारा भाग बंद पडला. पाठोपाठ उपकेंद्रांमधील काही दूरस्थ पडदे थांबले. मग मुख्य आणि त्यानंतर पर्यायी संगणकही निकामी झाला. पडदा ताजा होण्यास लागणारा एक ते तीन सेकंदांचा अवधी ५९ सेकंदांपर्यंत लांबला. पडद्यांवर चित्र होते, म्हणून प्रचालकांना सारे ठीक वाटत राहिले. शेजारच्या कंपन्यांकडून टेलिफोनवर येणारे इशारे पडद्याशी जुळत नव्हते, आणि विश्वास पडद्यावर ठेवला गेला.

भारतातील अनुभव याहून वेगळा आणि अधिक बोधप्रद आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी लागोपाठ दोन दिवस उत्तरेचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य विभागही त्यात ओढले गेले. पश्चिम विभाग बहुतांशी वाचला. चौकशी समितीने बिना-ग्वाल्हेर वाहिनीवरील अतिभाराबरोबरच आणखी एक कारण नोंदवले : उत्तरेकडील जादा उचल कमी करण्याच्या आणि पश्चिमेकडील कमी उचल सुधारण्याच्या प्रादेशिक केंद्रांच्या सूचनांना राज्य केंद्रांनी पुरेसा प्रतिसाद दिला नाही. म्हणजे येथे चित्र दिसत होते, सूचनाही गेल्या होत्या. उणीव होती ती कृतीची. पडद्यांची संख्या वाढवून ही उणीव भरून निघण्यासारखी नव्हती.

चौथा प्रकार परक्या हातांचा. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वितरण कंपन्यांच्या प्रणालीत हल्लेखोरांनी दूरवरून प्रवेश केला आणि प्रचालकांच्याच पडद्यांवरून स्विच उघडले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत प्रत्यक्ष जाऊन हाताने स्विच जोडले, तेव्हा काही तासांत पुरवठा सुरू झाला. दुरून पाहण्यासाठी उघडलेले दार दुरून करण्यासाठीही वापरता येते, हे या घटनेने दाखवून दिले.

खारघर-कळवा-पडघे : १२ ऑक्टोबर २०२०

आपल्या परिसराने हा धडा १२ ऑक्टोबर २०२० रोजी अनुभवला. त्या सकाळी कळवा-पडघे दरम्यानच्या ४०० केव्ही वाहिन्या आणि पनवेल तालुक्यातील खारघर उपकेंद्राला पुण्याशी जोडणारी ४०० केव्ही वाहिनी सेवेबाहेर गेल्या. मुंबईकडे येणारे मार्ग असे आकुंचित झाल्यावर दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग वीजहीन झाला. उपनगरी रेल्वे ठप्प झाली. साथीच्या काळात ऑनलाइन परीक्षा घेणाऱ्या मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या काही परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. संकटकाळी मुंबईला उर्वरित जाळ्यापासून वेगळे काढून तुर्भे-डहाणूच्या विजेवर तगवण्याची जी योजना होती, तीही त्या दिवशी तगली नाही. पुरवठा टप्प्याटप्प्याने पूर्ववत होण्यास अनेक तास लागले.

या पट्ट्यात महापारेषण, टाटा पॉवर, अदानी इलेक्ट्रिसिटी, बेस्ट आणि महावितरण यांच्या व्यवस्था एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि त्यांवर राज्य व प्रादेशिक भार प्रेषण केंद्रे आहेत. अशा ठिकाणी पडद्यांची वानवा नसते. एकेक वाहिनी निसटत असताना मुंबईतील निर्मिती कधी वाढवावयाची, कोणत्या भागाचा भार कधी तोडावयाचा, हा निर्णय मिनिटांत व्हावा लागतो. आणि भार तोडणे म्हणजे कोणाच्या तरी घरातील, दवाखान्यातील वा कारखान्यातील वीज जाणूनबुजून घालवणे होय. असा निर्णय घेण्याचा अधिकार कायद्याने कोणाकडे आहे, हे कलम ३३ वाचून कळते. तो क्षणार्धात वापरण्याची तयारी मात्र कायद्याच्या शब्दांतून येत नाही. त्यासाठी सराव, परस्परविश्वास आणि आधी ठरवून ठेवलेला क्रम लागतो.

घटनेनंतर राज्य वीज नियामक आयोगाने स्वतःहून दखल घेऊन चौकशी केली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणानेही पाहणी केली. १ मार्च २०२१ रोजी राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे संगणकीय घातपाताची शक्यता मांडली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ही मानवी चूक असल्याचे सांगून सायबर हल्ल्याचा संबंध नाकारला. एकाच घटनेची दोन शासकीय स्पष्टीकरणे जनतेसमोर आली. वीजजाळ्यातील यंत्रे प्रत्येक घटनेची वेळ सेकंदाच्याही लहान अंशात नोंदवतात. तरीही जबाबदारीबाबत सार्वजनिक एकमत होऊ शकले नाही, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने विशेषत्वाने नोंदवली पाहिजे. यंत्र काय घडले ते सांगते. कोणी काय पाहिले आणि पाहूनही काय केले नाही, हे त्यात नोंदलेले असतेच असे नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, दूरस्थ पडद्यांचा प्रसार केवळ तंत्रज्ञानामुळे झाला नाही; २००२ ची दरप्रणाली, २००३ चा कायदा आणि २००५ चे विभाजन यांनी पाहण्याची गरज निर्माण केली आणि तंत्राने ती भागवली. दुसरा, पाहणे, परवानगी आणि कृती ही टेलिफोनच्या काळातील त्रिविध विभागणी पडद्याच्या काळात पुसट झाली. एकाच पडद्यावर तिन्ही गोष्टी एकवटल्या की गती येते, पण कोणी पाहिले आणि कोणी केले, हे विलग करणे अवघड होते. म्हणून अनेकांना केवळ पाहता येईल आणि मोजक्यांनाच करता येईल, अशी व्यवस्था ही तांत्रिक खबरदारी आहेच, शिवाय ती प्रशासकीय न्यायाचीही अट आहे. तिसरा, पडद्यावरील आकड्याचे वय पाहणाऱ्याला कळणे आवश्यक आहे. शिळे चित्र हे चित्र नसण्यापेक्षा अधिक धोकादायक ठरू शकते.

शेवटचा मुद्दा आपल्या, म्हणजे महाविद्यालयीन अध्यापकांच्या, कामाशी निगडित आहे. रायगड, ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील वीजकेंद्रे, उपकेंद्रे व कारखाने यांतील जुने मिमिक बोर्ड नव्या यंत्रणा आल्यावर भंगारात निघतात; लॉगबुके मुदत संपताच नष्ट होतात. टेलिफोनवर आकडे ऐकून जाळे सांभाळलेली पिढी सेवानिवृत्त झाली आहे आणि ती आपल्याच गावांत, आपल्याच विद्यार्थ्यांच्या घरांत राहते. पदवी व पदव्युत्तर स्तरावरील प्रकल्पांतून या कर्मचाऱ्यांच्या मौखिक कथनांचे संकलन आणि उपलब्ध नोंदींचे जतन करता येण्यासारखे आहे. इतिहास आणि विज्ञान या दोन्ही विभागांनी मिळून हे काम हाती घेतल्यास पडद्यावर न दिसणारा भाग, म्हणजे निर्णय घेणाऱ्या माणसाची अडचण, अभ्यासाच्या कक्षेत येईल. पुढील वेळी वाहिन्या निसटू लागतील तेव्हा पडद्यासमोर बसलेल्याने काय करावे, याचे उत्तर शोधण्यास असा इतिहास उपयोगी पडेल.